पातळ फोन घ्यावा का? (रोजचं ऊन, धूळ आणि द्राक्षबागा आहेत)

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा वाचनमात्र असते, आज स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन आलेय.

मी कृषी खात्यात, तासगाव तालुक्यात. सकाळी नऊला गाडी सुरू केली की संध्याकाळी सहापर्यंत बागा, बांध आणि ग्रामपंचायतीची बाकडी. फोन म्हणजे माझं अर्धं ऑफिसच. लोकेशनसह फोटो काढायचे, ऑनलाइन फॉर्म भरायचे, शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायचे (पानावर ठिपका दिसला की आधी फोटो, मग "मॅडम, काय फवारू?"), आणि अवकाळी झाला की पंचनामे. पंचनाम्याच्या दिवशी तर पडदा बंद असा होतच नाही.

आत्ताचा फोन चार वर्षांचा होत आलाय. बॅटरी ६००० एमएएच, जाडी खोक्यावर ९.१ मिमी लिहिलीय. वीट आहे, पण विटेसारखाच टिकला. अलीकडे मात्र दुपारी तीनला मान टाकतो, चार्जिंगला लावला की तापतो, आणि टेबलावर ठेवून टाइप करायला गेलं की डुगडुगतो. म्हातारा झालाय, बदलायचाय.

लेक पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, "आई, असले जाड फोन आता कोणी घेत नाही." मागच्या रविवारी सांगलीत एका दुकानात त्याने सहा मिमीच्या आतला एक फोन माझ्या हातात ठेवला. खरं सांगते, मोह झाला. शाळेत नवीन पाटी हातात आल्यावर व्हायचं तसं झालं. कुर्त्याच्या खिशात टाकून बघितला तर खिसा लोंबला नाही. यातलं सुख बायकांनाच कळेल.

तर प्रश्न असा, की दोन-तीन मिमी कमी होतात तेव्हा नेमकं काय जातं? नुसती बॅटरी, की आणखी काही? की हे सगळं जुनं झालं आणि आता पातळ फोनही दिवसभर चालतो? बजेट २५ हजार. "त्यापेक्षा थोडे घाला आणि अमुक घ्या" हा सल्ला कृपया नको, ते "थोडे" म्हणजे माझा एक पगार असतो.


हिंजवडीकर

मी सात महिने असा पातळ फोन वापरतोय, माझ्या बजेटचं विचारू नका. हातात घेतल्यावरचं सुख खरं आहे, पहिल्या आठवड्यानंतरही टिकतं. झोपून वाचताना नाकावर पडला तरी लागत नाही. शर्टाच्या खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं.

पण माझा दिवस एसीत जातो आणि टेबलावर चार्जर असतो. कंपनीच्या सहलीला राजमाचीला गेलो तेव्हा दुपारी दोनलाच लाल रेघ. तेव्हापासून बॅगेत पॉवर बँक असते, तिचं वजन फोनपेक्षा जास्त. बायको विचारते, "मग बारीक झालं कोण?"

तुमच्या कामाला नको, ताई.


निवृत्त लाईनमन

माझ्याकडे नोकिया ११०० होता. वीस मिमी जाड, वजन ८६ ग्रॅम, वर टॉर्च. खांबावरून खाली पडला, तिन्ही भाग वेगळे झाले, जोडले आणि त्याच खांबावरून ऑफिसला फोन केला. बॅटरी संपली तर खिशातली दुसरी घालायची. हल्ली बॅटरी बदलायची म्हणजे फोनचं ऑपरेशनच. हे सगळं पातळ करण्याच्या नादात झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.


चिमटा

ताई, तुमच्या प्रश्नाआधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलतो.

"टेबलावर डुगडुगतो." हे पहिल्या दिवसापासून होतं, की आता सुरू झालंय? कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे डुगडुगणारा फोन नवाकोरा असतानाच डुगडुगतो. चार वर्षं गप्प बसून आता डुगडुगायला लागलाय, वर तापतोय, तीनला मान टाकतोय, तर मला वेगळीच शंका येते. कव्हर काढा, पाठ उजेडाला धरून तिरकी बघा. मध्ये पोट आलंय का? पडद्याची एखादी कड फ्रेमपासून उचललीय का? बघून लगेच इथे सांगा. तोवर चार्जिंगला लावू नका आणि दाबून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका.

आता प्रश्न. माझं कोल्हापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. रोज आठ-दहा फोन उघडतो, त्यामुळे जाडीचा हिशेब मला कागदावर नाही, चिमट्यात दिसतो.

फोन उघडला की थर असे लागतात: पुढची काच, तिला चिकटलेला पडदा, गोंद, मधली धातूची ताटली, बॅटरी, मागचं झाकण. काच किती पातळ करणार? पडदा आधीच पापडाएवढा झालाय. आठ मिमीच्या फोनात साधारण तीन मिमी असं असतं की त्याला कोणी हात लावू शकत नाही. मग कंपनीने फोन दोन मिमीने बारीक केला, तर ते दोन मिमी उरलेल्या पाचांतून जातात, आणि त्या पाचांत बॅटरीच राहते. म्हणजे बाहेरून फोन पाव भागाने बारीक दिसतो, आतून बॅटरीची जागा त्याहून जास्त गेलेली असते. त्यात सेलभोवती जे चंदेरी पाकीट असतं ते बारीक होत नाही. वेफर्सचं पाच रुपयांचं पाकीट आणि दहाचं पाकीट बघा, प्लास्टिक जवळजवळ तेवढंच, कमी होतो तो माल.

एकाच घरातली दोन भावंडं घ्या. गॅलेक्सी एस२५ प्लस ७.३ मिमी, ४९०० एमएएच. गॅलेक्सी एस२५ एज ५.८ मिमी, ३९०० एमएएच. पडदा दोघांचा ६.७ इंची. दीड मिमी गेले, हजार एमएएच गेले. आयफोन एअर ५.६ मिमीचा, त्यात ३१४९ एमएएच, मागे कॅमेरा एकच, स्पीकर एकच आणि तोही वरचा, सिमची खाच नाहीच, ई-सिमवर भागवायचं. घर लहान केलं की सामान काढावंच लागतं. आणि गंमत म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या दिवशी ॲपलने एअर दाखवला, त्याच दिवशी १७ प्रो मॅक्स आणला तो ८.७५ मिमीचा. त्याच्या आदल्या वर्षीचा ८.२५ होता. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला दिवसभर राबवायचाय त्याच्यासाठी त्यांनीच फोन जाड केला. याची जाहिरात मात्र कोणी मोठ्या अक्षरात करत नाही.

हे वेड नवीनही नाही. २०१४-१५ ला हीच शर्यत लागली होती. ओप्पो आर५ ४.८५ मिमीचा. विवो एक्स५ मॅक्स ४.७५ चा, आणि त्यात हेडफोनचं भोक शाबूत, जे आर५ ला सोडावं लागलं होतं. पिनच साडेतीन मिमीची, तिच्याभोवती भिंत नको का? आपल्या मायक्रोमॅक्सनेही कॅनव्हास स्लिव्हर ५ काढला, ५.१ मिमी, ९७ ग्रॅम. तिन्हींची बॅटरी २००० एमएएच. ती शर्यत दोन वर्षांत विझली. तेव्हा असले पातळ फोन घेतलेली कॉलेजची पोरं (फोन कुठले ते जाऊ द्या) दुपारी माझ्या काउंटरवर यायची, "दादा, दहा मिनिटं चार्जिंगला लावू का?" त्या पोरांसाठी मी एक सहा सॉकेटचा बोर्ड आणला होता, तो अजून आहे.

आता तुमच्या कामाचं, म्हणजे ऊन. हे दुकानात उभं राहून कळत नाही. उन्हात पडदा पूर्ण उजेडावर, लोकेशन चालू, कॅमेरा चालू, आणि बांधावर रेंज नाही म्हणून फोन टॉवर शोधत बसलेला. आतली चिप तापते. ती उष्णता पसरायला धातू लागतो, जागा लागते. पातळ फोनात दोन्ही कमी, म्हणून तो लवकर तापतो आणि मग स्वतःला वाचवायला लागतो. उजेड कमी करतो, कॅमेरा बंद करतो, चार्जिंग थांबवतो. आयफोनच्या कागदावर वापरायचं तापमान ० ते ३५ अंश लिहिलेलं असतं. तासगावात एप्रिलमध्ये तुम्ही किती बघता ते तुम्हीच सांगा. आणि लहान बॅटरी दिवसातून दोनदा भरावी लागते, म्हणजे ती म्हातारीही दुप्पट वेगाने होते.

म्हणून माझं मत पातळच्या विरुद्ध आहे असं मात्र नाही. त्याबद्दल नंतर लिहितो, काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे. आधी पाठ बघून सांगा.


निवृत्त लाईनमन

चिमटा यांनी बॅटरीचं घाबरवलंय ते बरोबर आहे. २०१६ ला मुलीकडे दिल्लीला विमानाने गेलो, तेव्हा हवाईसुंदरी सॅमसंगच्या नोट ७ चं (तोच, बॅटरी पेट घ्यायची तो) नाव घेऊन तो फोन बंद ठेवा म्हणून सांगत होती. माझ्याकडे ११०० होता, मी निवांत.


द्राक्षवेल

चिमटा दादा, तुमचं वाचून पोटात गोळाच आला.

माझ्या पिशवीत सध्या व्हर्नियर कॅलिपर असतोच. मण्यांच्या फुगवणीचे दिवस आहेत, एक्स्पोर्टवाले १८ मिमीचा मणी मागतात, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटमधले मणी मोजते. कव्हर काढलं आणि तोच कॅलिपर फोनला लावला. चार्जिंगच्या भोकापाशी ९.१. खोक्यावरचं अगदी बरोबर. पाठीच्या मध्यावर १०.८. दोनदा मोजलं, कॅमेरा वगळून. पडद्याची डावी कड नखाला लागते, मी तिला टफन ग्लास सुटली म्हणून दुर्लक्ष करत होते. कव्हर रबराचं, त्यात सगळं झाकलं गेलं.

बागेतला मणी आठवड्यात एवढा फुगला असता तर पेढे वाटले असते.

फोन अजून चालू आहे, ३४ टक्के आहे. आत चार वर्षांचे फोटो आहेत. आता काय करू? रोज रात्री उशाशी घेऊन झोपते हो मी.


चिमटा

घाबरू नका, पण आजच उरका.

१. केबल लावू नका, ना चार्जरची ना कॉम्प्युटरची. कॉम्प्युटरला जोडला तरी चार्ज होतोच. ३४ टक्क्यांत वायफायवरून फोटो गुगलवर चढवा किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. आधी कामाचे, मग लग्नाकार्याचे.
२. झालं की बंद करा. सिम आणि कार्ड काढून घ्या.
३. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा, गादीवर, कपाटात, गाडीच्या डिकीत नको. टोचू नका, वाकवू नका.
४. उद्या दुकानात न्या आणि आधीच सांगा, "बॅटरी फुगलीय", म्हणजे तो पोरगा घाईने पाती घालणार नाही. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू देऊ नका.

आत गॅस झालाय. जुनी झाली, उन्हात तापली, रात्रभर शंभर टक्क्यांवर पडून राहिली की आतला द्रव विघटतो आणि पाकीट फुगतं. पाकीट फुगलं म्हणजे लगेच पेट घेतं असं नाही, माझ्याकडे महिन्याला अशा पंधरा-वीस येतात. पण त्या अवस्थेत तिच्यावर दाब आणि चार्ज दोन्ही नको.

काकांनी नोट ७ काढला ते चांगलं झालं, कारण तोही जाडीचाच धडा आहे. जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगने स्वतः कारणं सांगितली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात पाकिटाला पुरेशी जागा नव्हती, त्यामुळे आतल्या पट्ट्या मुडपल्या आणि एकमेकींना भिडल्या. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे खडबडीत कण राहिले होते. बॅटरी चार्ज होताना थोडी फुगते, उतरताना बसते, वयाबरोबर कायमची थोडी जाड होते. म्हणून चांगल्या फोनात तिच्याभोवती आणि वर मोकळी फट सोडतात. ती फट कुठल्याच जाहिरातीत नसते, आणि जाडी कमी करताना पहिला डोळा तिच्यावरच जातो.

आता राहिलेलं मत. २५ हजारांत तुम्हाला वीट घ्यायची गरज उरलेली नाही. २०२० ला ७००० एमएएच हवे असले तर गॅलेक्सी एम५१ घ्यावा लागायचा, ९.५ मिमी आणि २१३ ग्रॅम. २०२५ चा आयक्यू झेड१० बघा, ७३०० एमएएच, ७.८९ मिमी, १९९ ग्रॅम. बॅटरी मोठी, फोन दीड मिमीने बारीक. जादू नाही, आतला मसाला बदललाय. विचारलंत तर सांगतो.


श्टुटगार्टवासी

मसाल्याचं चिमटा सांगतीलच, पण परदेशात मला एक गमतीशीर गोष्ट दिसली ती टाकतो. नथिंग फोन ३ माझ्या भावाने पुण्यात घेतला, त्यात ५५०० एमएएच. तोच फोन, तोच आकार, इथे जर्मनीत मिळतो तो ५१५० चा. पोको एफ७ भारतात ७५५०, बाहेर ६५००. भारतीय माणसाला एकदाची कुठेतरी जास्तीची वाटी मिळालेली बघून बरं वाटलं.

त्यामागे मालवाहतुकीचे नियमही असतात. एका सेलमध्ये २० वॉट-तासांहून जास्त ऊर्जा असेल तर तो माल धोकादायक म्हणून पाठवायला लागतो, कागद वाढतात, भाडं वाढतं. ५१५० ला साधारण ३.९ व्होल्टने गुणून बघा, बरोबर विसाच्या काठावर येतं.


द्राक्षवेल

फोटो गेले सगळे. रात्री साडेअकराला शेवटचा गेला, तेव्हा ६ टक्के होते. फोन आता परातीत, ओट्यावर. सासूबाई विचारतात, "याची पूजा करायची का?"

दादा, मसाला सांगाच. आणि एक भीती. नवा मसाला म्हणजे नवी फुगवण नाही ना? शिवाय पातळ फोन वाकतो असं ऐकलंय. मी गाडीवर बसताना फोन जीनच्या मागच्या खिशात असतो.


चिमटा

मागचा खिसा आजपासून बंद. जाड असो की पातळ.

वाकण्याचं आधी सांगतो. २०१४ ला आयफोन ६ प्लस ७.१ मिमीचा आला आणि खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. वाकायचा तो आवाजाच्या बटणांपाशी, कारण तिथे फ्रेमला भोकं पाडलेली, म्हणजे कुळवाच्या दांड्याला गाठ असावी तशी कच्ची जागा. पुढच्या वर्षीच्या ६एस मध्ये ॲल्युमिनियमचा प्रकार बदलला आणि जाडीही दोन दशांश मिमीने वाढली. फळी जितकी पातळ तितकी वाकायला सोपी, पण हा हिशेब सरळ नाही. जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा होत नाही, आठवा भाग उरतो. म्हणून आताचे साडेपाच मिमीवाले महागडे फोन टायटॅनियमची फ्रेम घेऊन येतात. २५ हजारांत टायटॅनियम येत नाही, बहुतेक प्लास्टिकची फ्रेम येते. स्वस्तातला पातळ आणि महागातला पातळ, हे दोन वेगळे प्राणी आहेत.

आता मसाला. लिथियम बॅटरीची एक बाजू ग्राफाइटची असते, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाची भावकी. चार्ज होताना लिथियम त्यात जाऊन बसतं. एक ग्रॅम ग्राफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ एमएएच बसतात. सिलिकॉनमध्ये त्याच्या दहापट बसू शकतात. मग सगळं सिलिकॉनचंच का नाही करत? कारण ते लिथियम पिऊन तिपटीच्या आसपास फुगतं आणि उतरताना पुन्हा आक्रसतं, असं शेकडो वेळा झालं की भुगा होतो. म्हणून सिलिकॉनचे बारीक कण कार्बनच्या जाळीत बसवतात आणि ग्राफाइटमध्ये थोडेच मिसळतात. चीनमध्ये २०२३ ला ऑनर मॅजिक ५ प्रोमध्ये पहिल्यांदा आलं, आता आपल्याकडे वीस हजारांच्या फोनात आहे. टेक्नो पोव्हा स्लिम ५.९५ मिमीचा आणि त्यात ५१६० एमएएच, दहा वर्षांपूर्वी याच जाडीत फार तर तीन हजारांच्या आसपास मिळायचे.

नवी फुगवण होईल का? काउंटरवरचं सांगतो. या बॅटऱ्या माझ्याकडे यायला लागून फार दिवस झालेले नाहीत. त्या चार वर्षांच्या होऊन तुमच्यासारख्या उन्हातून आल्या की मी छातीवर हात ठेवून बोलेन, आज नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. मसाला नवा घ्यायचा, पण त्यातली सगळी वाचलेली जागा पातळपणावर उधळणारा फोन घ्यायचा नाही. साडेसात ते सव्वाआठ मिमीतला घ्या. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये असली तर चालू ठेवा. ७००० चे ८० टक्के म्हणजे ५६००, तुमचा दिवस निघतो.

आणि दुकानात जाडी बघू नका, तीन दुसऱ्या गोष्टी बघा.

पहिली, वजन. हातात आवडला तो सहा मिमीचा फोन पातळ होता म्हणून नव्हे, हलका होता म्हणून. अंगठा दुखतो तो वजनाने आणि रुंदीने. पातळ फोनाची कड बोटाला धार लागल्यासारखी टोचते आणि घामेजल्या हातातून सुळकन निसटतो, हे पाच मिनिटं धरल्यावर कळतं, तीस सेकंदांत नाही. दुकानदाराला सांगा, मला एक फोन लावून बोलू द्या.

दुसरी, कॅमेऱ्याचा उंचवटा. कंपनी जाडी सांगते ती उंचवटा सोडून. भिंग आणि सेन्सर यांत अंतर लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. मोठा सेन्सर म्हणजे लांब अंतर, म्हणून फोन जितका पातळ तितकं हे टेंगूळ मोठं दिसतं. टेंगूळ एका कोपऱ्यात असलं तर टेबलावर फॉर्म भरताना डुगडुगणार, आडवी पट्टी असली तर निदान सरळ बसतो. तुम्हाला ठिपक्यांचे जवळून फोटो काढायचेत, तेव्हा एक पान घेऊन जा आणि तिथेच काढून बघा. दुकानातल्या फुलदाणीचे फोटो सगळ्याच फोनवर चांगले येतात.

तिसरी, कव्हर. तुम्ही कव्हर घालणारच. पाठीला दीड मिमी, वर टफन ग्लास, आणि खडबडीत कव्हर असेल तर तीन मिमीही. सहा मिमीचा फोन घेऊन त्याला तीन मिमीचा कोट घातला की जाडी नऊ आणि बॅटरी सहाची. हा व्यवहार मला आजवर कळलेला नाही, तरी रोज विकतो.


हिंजवडीकर

शेवटच्या परिच्छेदात मला उघड उघड टोमणा मारलेला आहे. मान्य. माझा कव्हरसह साडेआठ भरला, आत्ताच पट्टी लावून बघितलं.


निवृत्त लाईनमन

११०० ला कव्हर लागायचं नाही. एवढंच म्हणतो.


द्राक्षवेल

दहा दिवसांनी लिहितेय, पंचनाम्यांत अडकले होते. अवकाळीने दोन गावांत तडे गेलेले मणी मोजायची वेळ आली, त्यामुळे इथे यायला जमलं नाही.

जुना फोन सांगलीत नेला. "बॅटरी फुगलीय" म्हटल्यावर त्या मुलाने शेजारचा चहाचा कप आधी लांब सरकवला, मग हातमोजे घातले. पडदा उचलला तर आत टम्म पुरी. त्याने बॅटरी काढून वाळूच्या डब्यात ठेवली. नवी घालून फोन आता सासूबाईंना दिलाय, त्यांना कीर्तन ऐकायला. पाठ पुन्हा सपाट बसली, मी मोजली.

नवा घेतला. लेकाशी अर्धा तास वाद झाला, मग त्याला चिमटा दादांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने वेफर्सच्या पाकिटापाशी मान डोलावली. ७००० च्या आसपासची बॅटरी आहे, वजन २०० च्या आत, कॅमेऱ्याची आडवी पट्टी. पान घेऊन गेले होते, करप्याचा ठिपका स्वच्छ आला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोक सेल्फी काढून बघतात." परवा अकराशे फोटो काढले नसतील, पण तीनशेच्या वर नक्की, दिवसभर लोकेशन चालू, घरी आले तेव्हा ४१ टक्के होते. उन्हात एकदा उजेड आपोआप कमी झाला, गाडीच्या सीटवर ठेवला होता ती चूक माझी.

तो पातळ फोन काउंटरवर होताच. जाता जाता पुन्हा एकदा हातात घेतला आणि ठेवला.

कव्हरचं मात्र तुम्ही म्हणालात तसंच झालं. बिनकव्हरचा ८.०, कव्हरसह १०.७. म्हणजे फुगलेल्या बॅटरीवाल्याएवढाच. लेक हसतोय.


चिमटा

हसू दे त्याला. फक्त एक करा, महिन्यातून एकदा कव्हर काढून मधोमध कॅलिपर लावा. ८.४ च्या पुढे गेला की मला कळवा. चेष्टा नाही करत.


द्राक्षवेल

लावला आजच. डायरीत लिहून ठेवलंय, वर ८.१, मध्ये ८.०, खाली ८.१. त्याच पानावर वरच्या ओळीत थॉमसन द्राक्षांचा प्लॉट आहे, मणी १७.४. एकाला वाढायला आठ दिवस दिलेत, दुसऱ्याला चार वर्षं वाढू नको म्हणून सांगितलंय.